डॉक्टरांच्या डोळ्यांवरची खाच

टाचणीला घाम फुटला तो सोमवारी सकाळी साडेदहाला, आणि तोसुद्धा एसीच्या अगदी तोंडाशी बसलेला असताना. थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही मध्ये मध्ये विचाराल.

टाचणी म्हणजे अंगाने बारीक, डोकं गोल, आणि पडद्यावरची एखादी रेषा केसभर सरकलेली दिसली की जेवण जात नाही असा आपला मित्र. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे बसवायचं, केवढं, कुठल्या रंगाचं, हे ठरवायचं त्याचं काम. त्याची आई लोकांना सांगते, "बटणं लावतो." त्यामुळे अर्ध्या बिल्डिंगला वाटतं तो शिवणकाम करतो. खालच्या मजल्यावरून दोनदा शर्ट आलेत. एक त्याने करूनही दिला. नाही म्हणायचीसुद्धा भीती वाटते हो त्याला!

कंपनीत लागून त्याला पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्यात कायम करतात, नाहीतर करत नाहीत. मॅडम, म्हणजे त्याच्या वरिष्ठ, त्याला म्हणाल्या होत्या, "शुक्रवारचा डेमो नीट झाला की तुझं पत्र टाईप करायला सांगते."

"आणि नाही झाला तर?" टाचणीने विचारलं.

मॅडम नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ तो तीन आठवडे लावत बसला होता. आता याच्या आधी त्या खुर्चीवर जो होता ना, त्याने एकदा 'जतन करा'च्या शेजारीच 'पुसून टाका' हे बटण ठेवलं होतं. दोन्ही हिरवी. तो गेला. त्याचा कप अजून पॅन्ट्रीत आहे. कोणी त्यातून चहा पीत नाही आणि कोणी तो फेकतही नाही. टाचणी रोज सकाळी त्या कपाकडे बघून मगच कामाला बसायचा.

तर काम होतं एका डोळ्यांच्या हॉस्पिटलचं. पेशंटचे नंबर लावायचं सॉफ्टवेअर. साधं: कोण आलं, कोण बसलंय, पुढचा कोण. पण हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर साधे नव्हते. म्हणजे ओरडणारे नव्हते, तेच तर वाईट. त्यांचा आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं, आणि एकदा माणूस वाकला की त्याच्यावर ओरडायची गरजच काय? त्यांनी पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, "पडद्यावर सगळ्यात वर, बरोबर मध्ये, माझा फोटो. कडेला चिकटून. माझ्या डोक्यावर घड्याळ नको, बॅटरी नको, काही नको." आणि दोन, "फोटो भुवयांपासून खाली. वरचं दाखवायचं कारण नाही. डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, लोकांना डोळे दिसले पाहिजेत."

भुवयांच्या वर नेमकं काय होतं ते समोर सगळ्यांनाच दिसत होतं. लखलखीत, एकही केस नसलेलं. खोलीतले सगळे त्या वेळी खिडकीबाहेर बघायला लागले.

टाचणीने तसं केलं. ऑफिसातल्या मोठ्या, रुंद पडद्यावर बसून, जीव ओतून. फोटो अगदी वरच्या कडेला चिकटावा म्हणून त्याने एक खूण केली: 'संपूर्ण पडदा वापरा.' बस, एवढीच खूण. मॅडमना आवडलं, डॉक्टरांना आवडलं, हॉस्पिटलच्या पाच विश्वस्तांनी छापील कागदावर सह्या केल्या, त्यावर गोल शिक्का बसला. सगळं पक्कं.

आणि सोमवारी ऑफिसने त्याला नवा लॅपटॉप दिला.

आता तुम्ही हे नवे लॅपटॉप बघितलेत ना? पडदा पार कडेपर्यंत जातो, छान दिसतो. पण कॅमेरा कुठेतरी ठेवायला हवा, म्हणून वरच्या कडेला, बरोबर मधोमध, एक काळा तुकडा खाली उतरलेला असतो. कोपरे गोल, साधारण दोन बोटं रुंद. त्याला नॉच म्हणतात. टाचणी खाच म्हणतो. घड्याळ, बॅटरी, मेनू वगैरे मंडळी त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना शहाण्यासारखी बसतात. सॉफ्टवेअरसुद्धा मुकाट्याने खाचेखालून सुरू होतं. म्हणजे, कोणी 'संपूर्ण पडदा वापरा' अशी खूण केलेली नसेल तर.

टाचणीने आपलं काम उघडलं. डॉक्टरांचा फोटो वर, कडेला चिकटून, बरोबर मध्ये. भुवयांपासून कापलेला. त्यामुळे डोळे अगदी वर. आणि त्या डोळ्यांवर, या कानापासून त्या कानापर्यंत, ती काळी खाच.

म्हणजे पेपरात आरोपीचा फोटो छापतात ना? अगदी तसं! खाली ठळक अक्षरांत डॉक्टरांचं नाव, पदव्या, आणि 'सेवाकाळ १९८८ ते आज.' एखाद्याला वाटावं, अठ्ठ्याऐंशी सालापासून शोधत होते, आज सापडला.

तेव्हा घाम फुटला. त्याला आठवलं की डॉक्टरांच्या मुलीने त्यांना नवा लॅपटॉप भेट दिलाय. डॉक्टरांनी तो बैठकीत टेबलावर ठेवला होता. हाच. हाच! आणि शुक्रवारी अकरा वाजता डेमो त्याच्यावरच होणार होता. डोळ्यांच्या डॉक्टरांना त्यांच्याच खोलीत त्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून दाखवायची होती.

टाचणीने लॅपटॉप मिटला. परत उघडला. खाच होतीच. आणि त्या खाचेतला कॅमेऱ्याचा इवलासा डोळा त्याच्याकडेच बघत होता.

तुम्ही म्हणाल, मॅडमना सांगून मोकळं व्हायचं. अरे, गेला होता की! लॅपटॉप छातीशी धरून त्यांच्या दारात उभा राहिला. त्या फोनवर. हाताने खूण केली, काय?

"मॅडम, फोटोत जरा अडचण..."

"स्क्रीनशॉट पाठव."

टाचणीने पळत जाऊन पडद्याचं चित्र काढलं, पाठवलं. दोन मिनिटांत मॅडमचं उत्तर: 'सुरेख! डोळे काय बोलके आलेत!'

त्याला कळेना. त्याने स्वतः पाठवलेलं चित्र उघडून बघितलं. डॉक्टर दोन्ही डोळ्यांनी टक्क बघत होते. खाच नाही! कारण काय, ती खाच चित्रात नसतेच. ती काचेत आहे. लॅपटॉपच्या मते तिथे सगळं व्यवस्थित रंगवलेलं आहे, वर काळा तुकडा बसलाय हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही. म्हणजे जगात ती फक्त माणसांना दिसते, पुराव्यात येत नाही. टाचणीला भुताची गोष्ट ऐकल्यासारखं झालं.

"मॅडम, प्रत्यक्षात तसं नाहीये," तो परत दारात.

"अरे, बघितलं मी. मस्त आहे. आता शुक्रवारपर्यंत हात लावू नकोस." आणि परत तेच हसल्या.

मग त्याने कंपनीच्या मदतकक्षाकडे तक्रार नोंदवली. 'पडद्यावरील खाचेमुळे फोटोतील डोळे झाकले जातात.' पुढे तारांकित रकाना: 'दोषाचा स्क्रीनशॉट जोडा.' त्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. काय करणार, जोडला. तासाभराने उत्तर: 'जोडलेल्या चित्राची तपासणी केली. डोळे दिसत आहेत. तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

टाचणीने पाच दिले. म्हटलं ना, नाही म्हणायची भीती वाटते.

सोमवार-मंगळवार असे गेले. बुधवारी तो हॉस्पिटलच्या कार्यालयात जाऊन थडकला. फोटो नुसता बोटभर खाली घेतला की झालं, एवढंच तर करायचं होतं! पण ते कागद असतात शिक्केबाईंकडे. शिक्केबाई म्हणजे विश्वस्तांचं सगळं दप्तर सांभाळणाऱ्या बाई. टेबलावर सात शिक्के उंचीप्रमाणे उभे, आणि त्यांच्यामागे बाई आठव्या.

"फोटो बोटभर खाली घ्यायचाय," टाचणी म्हणाला.

"किती?"

"बोटभर."

"कोणाच्या बोटाने?" बाईंनी कागद काढला. "बदलाचा अर्ज. पाच सह्या. त्यातले दोन विश्वस्त परगावी, एक स्वतःच डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊन झोपलेत, त्यांना आठवडाभर वाचायला मनाई आहे. इथे कारण लिहा."

टाचणीने पेन उचललं. कारण लिहायचं होतं. 'साहेबांच्या डोळ्यांवर...' इथपर्यंत लिहिलं आणि तिथेच अडकला.

बाई उलटं वाचण्यात तरबेज. "साहेबांच्या डोळ्यांवर काय?"

"ताण! ताण येऊ नये म्हणून."

"साहेबांच्या डोळ्यांवर ताण?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "शहरभरच्या डोळ्यांचा ताण काढतात ते. आणि फोटो खाली घेतला की वर काय येणार? घड्याळ. साहेबांनी सहीनिशी लिहून दिलंय, डोक्यावर घड्याळ नको. विचारू का त्यांना? आतच आहेत."

"नको नको नको," टाचणी म्हणाला, अर्ज घडी करून खिशात कोंबला आणि जिन्याने चार-चार पायऱ्या उतरत खाली आला. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला. आणि तेव्हा त्याला युक्ती सुचली. म्हणजे त्याला युक्ती वाटली. वरची अख्खी पट्टीच काळी केली तर? काळ्यात काळं मिसळून खाच गायब! फोटो पट्टीच्या खाली. डोक्यावर घड्याळ नाही, बॅटरी नाही, नुसता काळोख. काळोखाबद्दल डॉक्टर कुठे काय बोललेत? सह्यांचं पुढे बघू. वर काळं झाल्यावर खालचं तुटक दिसायला लागलं, म्हणून फोटोभोवतीही एक काळी चौकट ओढली. टाचणी मागे सरकून बघायला लागला. प्रमाण अगदी नेटकं! तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली, आणि तो ताट घ्यायला आत गेला.

इकडे आई पाण्याचा जग घेऊन आली. पडद्याकडे बघितलं. जग हळूच खाली ठेवला.

"अगं बाई! डॉक्टर गेले?"

आत भांड्यांच्या आवाजात टाचणीला ऐकू आलं ते इतकंच, 'गेले?' त्याला वाटलं आई ऑफिसला पाठवायचे मेल गेले का विचारतेय. "हो, हो, झालं ते," तो आतून ओरडला.

आईने खाली वाचलं. 'सेवाकाळ १९८८ ते आज.' "आजच," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तशीच शेजारच्या दारात गेली. कारण शेजारच्या मावशींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, आणि ते याच डॉक्टरांकडे.

टाचणी ताट घेऊन बाहेर येतो तर भिंतीपलीकडून मावशींचा हुंदका. पाठोपाठ ताई, त्याची मोठी बहीण, दारातून आत आली आणि लॅपटॉपसमोर थबकली. "हे काय रे टाचण्या? मयताची बातमी तू डिझाईन करतोस आता?"

तेव्हा त्याने परत बघितलं, आणि काळी चौकट त्याला पहिल्यांदा दिसली. म्हणजे जी सगळ्यांना पहिल्या क्षणी दिसली ती. ताट हातातच राहिलं.

तो शेजारी धावला. मावशींना म्हणाला, "मावशी, डॉक्टर जिवंत आहेत, ती फक्त पट्टी आहे."

"पट्टी? म्हणजे डोळ्याला झालं होतं त्यांच्याच? अरे देवा!" मावशी म्हणाल्या. तोवर त्यांनी चार ठिकाणी फोन केलेले होते. आणि मावशींचे फोन कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जलद पोचतात.

गुरुवारी दुपारपर्यंत हॉस्पिटलच्या फोनवर लोक सांत्वन करायला लागले. मॅडमचा निरोप आला: 'डॉक्टर भयंकर संतापलेत. कोणीतरी ते गेल्याची अफवा उठवली आहे. कोण आहे ते शोधून काढणार म्हणतायत. उद्या जरा जपून.' टाचणीने तो निरोप बाथरूमचं दार लावून वाचला. एकदा उभा राहून, एकदा बसून.

आता उद्यावर आलेलं, आणि डोक्याचं टोपलं वाढलेलं, म्हणून ताईने त्याला ढकलून खालच्या सलूनमध्ये पाठवलं. "निदान माणसासारखा दिसून तरी जा," म्हणाली. तो लॅपटॉपसकट गेला. खुर्चीत बसला, गळ्याला कापड बांधलं गेलं, हात आत. मांडीवर उघडा लॅपटॉप, त्यावर परत ते पट्टीवाले डॉक्टर, कारण वरचा काळोख आणि ती काळी चौकट त्याने रातोरात नव्हे, त्याच क्षणी काढून टाकली होती. असा तो आरशात स्वतःला दिसत होता: नुसतं डोकं, आणि खाली आरोपी.

"कोण, पकडला का?" शेजारच्या खुर्चीतल्या, तोंडभर फेस लावलेल्या माणसाने विचारलं.

बाकावर वाट बघणारे काका उठून आले. "चिकटपट्टी लाव त्या काळ्यावर. पांढरी."

"लॅपटॉप उलटा धरून दाखव," फेसवाला म्हणाला. "खाच खाली जाईल."

"मग डॉक्टरही उलटे होतील ना हो," काका म्हणाले.

टाचणीला रडू यायला लागलं, आणि हात कापडाच्या आत, डोळे पुसायचीही सोय नाही. तेव्हा कात्री थांबवून सलूनवाले भाऊ खाली वाकले. नीट बघितलं. डोकं इकडे तिकडे करून बघितलं, गिऱ्हाईकाचं बघतात तसं.

"टक्कल आहे का यांना?"

"भाऊ, तुम्हाला कसं कळलं? फोटो तर भुवयांपासून आहे."

"भुवयांपासून फोटो कोण कापतं?" भाऊ म्हणाले. "वीस वर्षं झाली या धंद्यात. हे बघ, केस आहेत हे. चांगले दाट, काळे, कोपऱ्यांवर गोल घेतलेले. चुकीच्या जागी बसलेत एवढंच. डोळ्यांवरून उचल आणि डोक्यावर ठेव."

"केस?"

"पूर्ण फोटो आहे ना तुझ्याकडे? फोटोची चौकट हलवू नकोस, आतला माणूस खाली सरकव. कपाळ तीन बोटं सोड, फोटोतल्या माणसाच्या बोटांनी. जास्त सोडलंस तर टोप वाटेल."

टाचणीने कापडाखालून हात काढले. चौकट तिथेच, तेवढीच. त्यामुळे पाच सह्यांना धक्का नाही. आत फक्त डॉक्टर खाली उतरले. भुवया आल्या, कपाळ आलं, वर लखलखीत डोकं आलं, आणि ते बरोब्बर खाचेच्या मागे गेलं. पडद्यावर एक देखणा, चाळिशीचा, काळ्याभोर केसांचा माणूस दोन्ही डोळ्यांनी बघत होता.

"लग्नाळू दिसतोय," फेसवाला म्हणाला.

आणि टाचणीला आणखी भीती वाटायला लागली. कारण आता त्याला कळलं होतं की खाच नसलेल्या प्रत्येक पडद्यावर, रिसेप्शनच्या आठही कॉम्प्युटरवर, डॉक्टरांचं अख्खं टक्कल उघडं पडणार. पण आधी शुक्रवार. शुक्रवारी फक्त तो एक लॅपटॉप.

शुक्रवार, अकरा. डॉक्टरांची खोली. भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा तक्ता. टाचणीला त्यातली पहिली ओळसुद्धा दिसेना. टेबलावर फुटबॉलएवढा प्लास्टरचा डोळा. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला शिक्केबाई फाईल मांडीवर घेऊन.

"सुरू करण्याआधी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. सगळे वाकले. "कालपासून मी वारल्याचे मला अकरा फोन आले. त्यातले तीन मीच उचलले. हे कुठून सुरू झालं ते मी काढणार आहे. हं, दाखवा."

टाचणीने बटण दाबलं. पडदा उजळला.

डॉक्टर मग पुढे झुकले. पेशंटच्या डोळ्यात बघतात तसे पडद्यात बघत राहिले. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला आणि तिथे काही न सापडून खाली आला.

"हा मी आहे?"

"हो सर."

"कुठला फोटो हा?"

"तोच सर. थोडा... वरून मोकळा केलाय."

"बरा आलाय," डॉक्टर म्हणाले, आणि शिक्केबाईंच्या हातून पेन पडलं. बावीस वर्षांत त्यांनी हा शब्द ऐकला नव्हता. डॉक्टरांनी माऊस हातात घेतला. "बाण कुठे गेला?"

बाण केसांत शिरला होता. "सर, वर... अडकलाय. खाली ओढा."

बाण बाहेर आला. आणि तेवढ्यात लॅपटॉप वाजला. डॉक्टरांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल. डॉक्टरांनी तो घेतला, कोपऱ्यात मुलगी उघडली, आणि खाचेतल्या कॅमेऱ्याचा दिवा लागला. डॉक्टरांच्या दाट काळ्या केसांत मधोमध एक हिरवा काजवा.

"बाबा! तुम्ही आहात ना? मला आत्ता कोणीतरी..."

"आहे की. समोर तर दिसतोय." डॉक्टरांचा आवाज चक्क मोठा झाला. "आणि नुसता आहे नव्हे, मेलेला माणूस असा दिसतो का, तूच बघ. थांब, तू शिकवलंस ना, स्क्रीनशॉट पाठवतो."

"सर, नको!" टाचणी उभाच राहिला. पण डॉक्टरांची बोटं. पस्तीस वर्षं डोळ्यात चिरा घेतलेली बोटं ती, एका टिचकीत काम. गेला.

आणि मग कोपऱ्यातून मुलगी खळखळून हसली. "अय्या बाबा, शेवटी अख्खा फोटो लावलात! टकलावर प्रकाश काय मस्त पडलाय!"

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. केस होते. आपल्या फोनवर तेच पाठवलेलं चित्र उघडलं. केस नव्हते. परत पडदा. परत फोन. मुलीला म्हणाले, "नंतर बोलतो." आणि मग सगळ्यांना वाकायला लागेल अशा आवाजात, "समजावून सांगा."

पॅन्ट्रीतला तो कप टाचणीला अगदी समोर दिसला, आणि त्याच्या शेजारी आपला कप. आणि मग त्याने सांगून टाकलं. सगळं. एका दमात. खाच, 'संपूर्ण पडदा वापरा', डोळ्यांवरची पट्टी, मदतकक्षाचे पाच तारे, ताण, काळी चौकट, आई, मावशी, सलूनवाले भाऊ, तीन बोटं कपाळ. "सर, तुम्हाला मारलं ते मीच. पण चुकून."

मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

डॉक्टरांनी प्लास्टरचा डोळा ओढला, दोन अर्ध्यांत उघडला आणि आत मागच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"डो... डोळा, सर."

"ही जागा. इथून नस बाहेर पडते. इथे काही दिसत नाही. अंधबिंदू म्हणतात. तुमच्या डोळ्यात आहे, माझ्या आहे, बाईंच्या आहे. तुम्हाला कधी जाणवला?"

"नाही सर."

"कारण मेंदू तेवढी जागा आजूबाजूचं बघून भरून टाकतो. आणि आपल्याला वाटतं, सगळं दिसतंय."

"स्क्रीनशॉटसारखं," टाचणीच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की टाचणीने मनातल्या मनात राजीनाम्याच्या दोन ओळी लिहून काढल्या. मग ते म्हणाले, "रिसेप्शनला सगळीकडे फोटो खाली घ्या. पूर्ण डोकं. वर घड्याळ आलं तरी चालेल."

"पाच सह्या लागतील," शिक्केबाई म्हणाल्या.

"पहिली माझी घ्या." सही झाली. सगळे उठले. टाचणी दारापर्यंत पोचला आणि मागून आवाज आला, "तुम्ही थांबा."

गेला परत. वाकला.

"या लॅपटॉपवर मात्र," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदाच टाचणीला त्यांच्या आवाजात थोडी भीती ऐकू आली, "हेच राहू द्या."

पत्र सोमवारी मिळालं. कायम. टाचणीने ते चारदा वाचलं, तो जुना कप घासून आपल्या टेबलावर आणून ठेवला, त्यात पेनं ठेवली, आणि आठवडाभर सुखाने झोपला. तेवढ्यात मावशींचं ऑपरेशनही झालं, छान झालं. पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना आपल्या खोलीत बसवून मुद्दाम लॅपटॉप दाखवला.

त्याच दुपारी टाचणीचा फोन वाजला. डॉक्टर. त्याने तो उभा राहून, वाकूनच घेतला.

"अहो, तुमच्या त्या मावशी. नजर उत्तम आलीय त्यांची. माझा फोटो बघून म्हणाल्या, या वयात इतके काळे? कलप करता का?" मग आणखी हळू, "कानांच्या बाजूला थोडे पांढरे करता येतील? म्हणजे खरे वाटतील."

"बघतो सर," टाचणी म्हणाला.

काय बघतो? ती खाच लॅपटॉपवाल्यांनी बनवलीय! पण नाही म्हणायची भीती वाटते ना. तो काल मदतकक्षाचा अर्ज उघडून बसला होता. मी मागे उभा होतो, म्हणून सांगतो. त्याने लिहिलं: 'खाच फार काळी आहे. कडेने किंचित पिकलेली हवी.' आणि मग त्या तारांकित रकान्याकडे बघत नुसताच बसून राहिला. 'दोषाचा स्क्रीनशॉट जोडा.'